सतरा नंबरची बाई

डबलबेल मावशींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मी आमच्या वॉर्डातल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. एका दुपारी दारातूनच अशी हाळी आली की माझ्या हातातला शिक्का कागदाऐवजी टेबलावर उमटला.

"आत कोण आहे का हो?"

"मावशी, हळू बोला," मी म्हटलं. "इथे लोक वाचतायत."

त्यांनी खोलीभर नजर फिरवली, डोकी मोजल्यासारखी. "दोघं वाचतायत. तिसरा घोरतोय. त्याला काही म्हणत नाही तुम्ही?"

तिसरा खरोखरच घोरत होता.

मावशी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या आणि त्यातली बावीस वर्षं एकाच मार्गावर, सतरा नंबरवर. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे निघा, हे सगळ्यांनाच माहीत असतं. मावशींच्या दोन घंट्या मात्र इतक्या झटपट वाजायच्या की चढणाऱ्याचा दुसरा पाय अजून रस्त्यावर असायचा. त्यावरून नाव पडलं डबलबेल, आणि ते इतकं चिकटलं की सासरच्या माणसांनीही तेच उचललं. त्यांचे यजमान एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी होते. चारशे माणसांच्या भाजीत डाव फिरवलेला माणूस, पण बोलण्यात मीठही मोजून घालणार. "आमच्या घरात बोलायचं तिकीट एकच निघतं," असं ते एकदा मला म्हणाले होते. त्यांच्याकडून ऐकलेलं ते सर्वांत लांब वाक्य.

तर मावशी आल्या होत्या सूचनाफलकासाठी. फलकावर मी आठ महिन्यांपूर्वी लोकजीवन निधीची जाहिरात लावली होती. आपल्या परिसराचा इतिहास, भाषा, आठवणी यांवर कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या नागरिकांना आणि संस्थांना साहाय्य, असं काहीसं. टाचण्यांना गंज चढला तरी त्या कागदाकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"यात नागरिक लिहिलंय," मावशी म्हणाल्या. "त्यात आम्ही मोडतो का?"

"मोडता की."

"मग हे बघा." आणि त्यांनी पिशवीतून एक उशीचा अभ्रा काढून माझ्या टेबलावर उपडा केला.

आतून पुठ्ठे पडले. तिकिटांचे गठ्ठे संपले की मागे जो पुठ्ठा उरतो ना, ते. शेकडो होते. प्रत्येकावर पेन्सिलीने दोन-तीन ओळी. मी एक उचलला. 'घड्याळ. इथे मनोरा होता. घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. सांगणार, चष्म्याच्या दुकानातले आजोबा.' दुसरा उचलला. 'तीन नळ. नळ दोनच होते. तिसरा म्हणजे नळासारखं नाक असलेला पाणीवाला. सांगणारी हसत होती, खरं-खोटं देव जाणे.'

"सतरा नंबरला एकोणीस थांबे," मावशी सांगू लागल्या, आणि खोलीतला घोरणाराही जागा होऊन ऐकू लागला. "बावीस वर्षं मी ओरडतेय, बर्फाचा कारखाना, बर्फाचा कारखाना! आणि खाली काय, तर चपलांचं दुकान. माणूस बर्फाच्या कारखान्यावर उतरतो आणि पाय ठेवतो चपलांच्या दुकानात. मग मधलं कुठे गेलं? म्हणून मी विचारायला लागले. गर्दी नसली की विचारायचं, काका, इथे कारखाना होता का हो? आणि लोक काय सांगतात म्हणून सांगू! आता मार्ग बंद झाला. नवा रस्ता झाला, बस तिकडून जाते. खांब उपटले. थोड्या वर्षांनी ही नावंसुद्धा कुणी घेणार नाही."

"सगळ्या थांब्यांचा पत्ता लागला?"

"अठरांचा लागला." त्या थबकल्या. "एकाचा नाही. त्या थांब्याचं नाव 'बाई'. नुसतं बाई. मी 'बाई, बाई' ओरडले की गाडीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या. टवाळ पोरं मुद्दाम म्हणायची, एक बाई द्या, दोन बाई द्या. पण कुठली बाई, ते माझ्या डेपोतही कुणाला ठाऊक नव्हतं."

त्यांना हवी होती एक बस. फक्त एक दिवस. जुन्या मार्गाने ती न्यायची, प्रत्येक थांब्यावर थांबवायची आणि लोकांनाच सांगायला लावायचं. एवढंच. त्यांचे डोळे असे चमकत होते की मी हातातलं सगळं बाजूला सारलं आणि आम्ही त्याच दुपारी अर्ज लिहायला बसलो.

इथे माझी चूक झाली आणि ती मी कबूल करते. लिहायची जबाबदारी मी घेतली. एम. ए. आहे ना मी! 'परिसरातील स्थलनामांचा सामाजिक-सांस्कृतिक परामर्श' असं शीर्षक दिलं आणि खाली चार पानं तशीच. मावशींनी ती वाचून घेतली आणि विचारलं, "यात बस कुठे आहे?" मी म्हटलं, "आहे हो, तिसऱ्या पानावर. 'चलित सादरीकरण' म्हणजेच बस." त्या मान हलवून गप्प बसल्या. शिकलेल्या माणसापुढे काय बोलायचं, असा तो गप्प बसण्यातला प्रकार होता.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. नामंजूर. कारण दिलं होतं, 'हा निधी विद्यापीठीय संशोधनासाठी नाही. प्रस्तावात लोकांचा सहभाग दिसत नाही.'

मी ते पत्र दोनदा वाचलं. मावशी समोर उभ्या होत्या. मला वाटलं आता ही बाई माझी खरडपट्टी काढणार. त्या खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम हसायला लागल्या. "अगं, म्हणजे त्यांना लोकच हवेत! आणि आपण काय पाठवलं? परामर्श!" हसता हसता त्यांना ठसका लागला. मीही मग हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

पुढच्या वर्षी अर्ज त्यांनी सांगितला आणि मी नुसता लिहून घेतला. उद्दिष्टे या रकान्यात त्यांनी बर्फाचा कारखाना आणि चपलांचं दुकान जसंच्या तसं घातलं. अपेक्षित निष्पत्ती काय, तर 'लोक एकमेकांशी बोलतील. भांडतीलही. भांडण झालं तर ते मी सांभाळीन, सवय आहे.' अर्जदाराची पात्रता काय, तर 'एकतीस वर्षं, एकही तक्रार खरी ठरली नाही.' मला वाटलं हे हसण्यावारी नेतील. पण आठवड्याभरात मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीला मी सोबत गेले होते. लांबलचक टेबल, त्यामागे तिघं. मधोमध अध्यक्ष, सेवानिवृत्त प्राध्यापक. डावीकडे हिशेबनीस. उजवीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई, त्या खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या, ब्रेक लागला तर सावरता यावं अशा.

अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या कार्यक्रमाला आम्ही संस्कृती म्हणायचं की सहल?"

"साहेब, तुम्ही कुठल्या थांब्याला उतरता?"

"मी मोटारीने फिरतो."

"मग तर तुम्हाला यायलाच पाहिजे," मावशी म्हणाल्या. "तुमचं बरंच बुडालंय."

हिशेबनीस खोकल्याच्या निमित्ताने हसला. अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. संपलं, म्हटलं, आता तिसऱ्या वर्षाची तयारी. तेवढ्यात त्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी मान वर केली.

"मी उतरायचे," त्या म्हणाल्या. "काच कारखान्याला. अकरावीपर्यंत. तिथे फुटक्या काचांचा ढीग असायचा आणि सकाळी ऊन पडलं की आख्खी भिंत रंगीत व्हायची. शाळेला उशीर व्हायचा मला." मग अध्यक्षांकडे वळून, "सर, माझ्या मुलांना मी हे कधी सांगितलंच नाही हो. का नाही सांगितलं कोण जाणे."

मावशींनी पर्समधून एक कोरा पुठ्ठा काढला आणि पेन्सिल पुढे केली. "लिहून द्या मॅडम. काच कारखान्याचं माझ्याकडे एकच आहे."

साहाय्य मंजूर झालं. पत्र आलं तेव्हा मावशी भाजी घेत होत्या. मी रस्त्यावर धावत जाऊन ते दाखवलं, आणि त्या बाईने मेथीच्या जुडीसकट मला अशी मिठी मारली की माझ्या केसांतून दोन दिवस मेथी निघत होती.

पण पत्राने बस येत नाही. डेपोत गेलो तर व्यवस्थापक म्हणाले, सगळ्या गाड्या मार्गावर आहेत, शिकाऊ चालकांची तेवढी रविवारी मोकळी असते. ती बस पाहिली. रंग उडालेला, पाठीला लाल अक्षरांत 'शिकाऊ', एक खिडकी सुतळीने बांधलेली. मावशींनी तिच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाल्या, "चालेल. माझ्यापेक्षा तरुण आहे." त्यांच्या मनात चालवायला त्यांचा जुना ड्रायव्हर होता, अकरा वर्षांचा जोडीदार, संथ म्हणून त्याला सगळे गोगलगाय म्हणत. तो आनंदाने तयार झाला, पण त्याच्या परवान्याची मुदत संपून चार वर्षं झाली होती. शेवटी डेपोने एक चालक दिली. तिशीची, अबोल, त्या मार्गावरून कधीच न गेलेली. गोगलगायदादा तिच्या मागच्या सीटवर बसणार आणि वाट सांगणार, असं ठरलं. ते फुरंगटले होते, पण आले. दाढी करून आले.

आम्ही तीसेक माणसं धरून चाललो होतो. रविवारी सकाळी साडेआठला मी पहिल्या थांब्यावर, 'घड्याळ'पाशी, पोचले आणि माझा विश्वास बसेना. रांग चष्म्याच्या दुकानापासून वळून बँकेच्या मागे गेली होती. कुणी आईला हाताला धरून आणलेलं, कुणी जुने फोटो छातीशी धरलेले, एक गृहस्थ तर चक्क बर्फ फोडायचा टोचा घेऊन आले होते. मी मोजले, दीडशेच्या पुढे. बसमध्ये जागा चव्वेचाळीस.

"मावशी, आता हो काय करायचं?"

मावशींनी रांगेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लिहू शकत नाही. एवढंच सांगते की त्या क्षणी त्या पासष्ट वर्षांच्या नव्हत्या. "काय करायचं म्हणजे? फेऱ्या वाढवायच्या! ओ दादा, रेटू नका. म्हाताऱ्यांना आधी. फोटोवाले उजवीकडे. टोचा खाली धरा, कुणाचा डोळा जाईल!"

मग सुरू झालं ते. बर्फाच्या कारखान्यापाशी टोचेवाले गृहस्थ उठले आणि सांगू लागले की त्यांचे वडील पहाटे लादी फोडायचे आणि परतताना मुलांसाठी खिशात बर्फ आणायचे, घरी पोचेपर्यंत खिसा नुसता ओला. बस अशी हसली म्हणता! पाण्याच्या टाकीवरून दोन बहिणींत जुंपली. एक म्हणे टाकी गोल, दुसरी म्हणे चौकोनी. मागून कुणीतरी फोटो पुढे सरकवला. टाकी अष्टकोनी! दोघी एकदम म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" मी ध्वनिमुद्रण करत होते, पण हसताना हात एवढा हलायचा की पुढे ऐकताना निम्म्या जागी माझ्याच बांगड्या वाजतात. आणि ती अबोल चालक? जुन्या पुलाच्या वळणावर गोगलगायदादांनी "आता दुसरा गिअर टाक, इथे उजवीकडे घरंगळते" म्हणायच्या आत तिने दुसरा टाकला. दादांनी मागे वळून सगळ्या बसला सांगितलं, "शिकाऊ कोण ते आता तुम्हीच ठरवा." त्यांच्या रुसव्याचा फुगा तिथेच फुटला.

'बाई' थांब्यावर मात्र पहिल्या फेरीत सगळे गप्प. दुसऱ्या फेरीत तीन मतं निघाली. कुणी म्हणालं इथे बाईंची शाळा होती, कुणी म्हणालं पुतळा होता, कुणी म्हणालं रंगाऱ्याने चुकून लिहिलं. मावशींनी तिन्ही पुठ्ठ्यांवर उतरवली, पण चेहरा सांगत होता की एकही पटलेलं नाही.

तिसऱ्या फेरीला बारा वाजत आले होते. बस त्या वळणावर आली, तर रस्त्याच्या कडेला काठी टेकून एक म्हाताऱ्या बाई उभ्या. आमच्या कार्यक्रमाशी त्यांचा काही संबंध नव्हता. बिचाऱ्या रिक्षेची वाट बघत होत्या. काचेवर आम्ही चिकटवलेला १७ चा आकडा दिसला आणि त्यांनी काठीच आडवी केली. चालकाने करकचून ब्रेक दाबला.

दार उघडलं. म्हाताऱ्या बाई पायरीपाशी येऊन कडाडल्या, "किती वर्षं झाली? कुठे होतात इतके दिवस? माणसांनी चालत जायचं का?"

सगळी बस पोट धरून हसायला लागली. मावशी खाली उतरल्या, त्यांना हाताला धरून वर घेतलं, जागा दिली. "चुकलं आजी. कुठे जायचंय?"

"बहिणीकडे, शेवटच्या थांब्याला. आणि आजी कुणाला म्हणता? आईने हा थांबा करून घेतला तो काय अशी वाट बघायला?"

हसू थांबलं. मावशी दांड्याला धरून तशाच उभ्या राहिल्या. "आईने... हा थांबा?"

"मग काय! आई हॉस्पिटलात कपडे धुवायची. चादरींचं हे एवढं गाठोडं डोक्यावर. त्या वेळी बस पुलावर थांबायची, नाहीतर थेट तीन नळांवर. मधे नाही. गाठोडं घेऊन एवढं चालायचं कसं? मग ती रोज सकाळी इथे रस्त्याच्या मधोमध उभी राहायची. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा. ही म्हणायची, धडक मार नाहीतर दार उघड. रोज! ऊन असो, चिखल असो. पाच महिने. सोबत मी असायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी ऑफिसातला साहेब येऊन बघून गेला आणि खांब रोवला. पाटीवर काय लिहायचं, रंगाऱ्याने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, लिही, बाईचा थांबा. पाटी एवढुशी. त्यात 'बाई' तेवढं मावलं."

मावशी काही बोलेनात. आयुष्यात पहिल्यांदा असेल बहुतेक. त्यांनी पुठ्ठा काढला, पण पेन्सिल धरता येईना, म्हणून त्यांच्या यजमानांनी तो हातातून घेतला. ते सकाळपासून मागच्या सीटवर गुपचूप बसले होते, मला माहीतही नव्हतं. त्यांनी लिहिलं, सगळं, शब्दन्‌शब्द, आणि मध्येच मान वर करून म्हाताऱ्या बाईंना विचारलं, "चादरी आमच्याच हॉस्पिटलच्या का हो?" त्या हो म्हणाल्या. तेव्हा आचारीबुवांनी चष्मा काढून पुसला.

"मी बावीस वर्षं तुमच्या आईला हाका मारत होते," मावशी शेवटी म्हणाल्या. "मला ठाऊकच नव्हतं."

"त्यात काय," म्हाताऱ्या बाई म्हणाल्या. "तिला सगळे बाईच म्हणायचे. आता गाडी हलवा, बहिणीकडे जेवण थांबलंय."

पुढे पुष्कळ झालं. पुठ्ठ्यांचं पुस्तक निघालं, ते आमच्या वाचनालयात आहे आणि कायम कुणाच्या तरी घरी असतं. पालिकेने एकोणीस जागी लहानशा पाट्या लावल्या. अध्यक्ष त्या दिवशी तिसऱ्या फेरीला उभ्याने आले होते, हे मला फार उशिरा कळलं. मार्ग परत सुरू झाला का? नाही. त्यासाठी मावशींनी तीन पत्रं लिहिली, ती बस कंपनीच्या कुठल्याशा कपाटात पडून आहेत. म्हाताऱ्या बाई अजून रिक्षेनेच बहिणीकडे जातात.

यंदा निधीने मावशींनाच समितीवर घेतलंय. अर्जांचा गठ्ठा घरी येतो आणि त्या जेवणाच्या टेबलावर पसरून एकेक मोठ्याने वाचतात. आवडला की धीर धरवत नाही, लगेच मला फोन. काल भर कामाच्या वेळी वाजला.

"अगं ऐक, एक लिफ्टवाला आहे. तीस वर्षं एकाच इमारतीत लिफ्ट चालवतोय. त्याला प्रत्येक मजल्यावरच्या गोष्टी जमवायच्यात. कुणीतरी शिकलेल्याने अर्ज लिहून दिलाय त्याला, पहिली दोन पानं नुसता परामर्श!"

"मग नामंजूर?"

"छे! तिसऱ्या पानावर तो स्वतः बोललाय. चुकून राहिलंय बहुतेक. थांब, वाचते. बसलीयेस ना तू? बस आधी."